मानधन

गेल्या मे महिन्यात मी एका म्हाताऱ्या माणसाला एका इंग्रजी शब्दाचा चुकीचा अर्थ सांगितला. चुकून नाही. अर्थ मला नीट माहीत होता. इंग्रजी आणि मराठी दोन्ही साहित्यं घेऊन तिसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलीने 'मला तो शब्द कळला नाही' असं म्हणायची सोय नसते.

मंडळातल्या निम्म्या लोकांना वाटतं मी वसईची. पपा वसईचे आहेत, मम्मी नागपूरची, पण मी वाढले भोपाळला, इंद्रपुरीत. पपांची नोकरी भेलमध्ये. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून हा कारखाना निघाला आणि त्याच्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा असा सगळा पसारा वाढला. इंद्रपुरी त्याच्या कडेला, रायसेन रोडला लागून. आमच्याकडे घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी आणि रविवारची मिस्सा पुन्हा हिंदीत. त्यामुळे कुठल्याही भाषेत मला पटकन दुसऱ्या भाषेतला शब्द आठवतो, आणि मला त्याचा जरा जास्तच अभिमान होता.

कॉलेजच्या समाजसेवेचे साठ तास माझे राहिले होते. ते सुट्टीत भोपाळलाच करते म्हटलं. आमच्या घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर सिस्टरांचा एक वृद्धाश्रम आहे. मेट्रोच्या कामासाठी रस्त्यात पत्रे उभे केल्यापासून वीस मिनिटं लागतात. तिथे चौतीस आजी-आजोबा. त्यांतले तीन माजी सैनिक. एक सुभेदार, एक हवाई दलातून निवृत्त झालेले, आणि तिसरे आमचे आजोबा. सगळे त्यांना 'हवालदार साहब' म्हणायचे.

मला त्यांच्याकडे का पाठवलं याचं कारण साधं होतं. फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा हात अडखळायचा, आणि त्याहून विचित्र म्हणजे हिंदी अडखळायची. पन्नासेक वर्षं हिंदी मुलखात काढलेला माणूस, पण आता हिंदी शब्द शोधायला गेले की आधी मराठी शब्द हाताला लागायचा. डोकं मात्र लख्ख. सिस्टर केरळच्या आणि झारखंडच्या. आश्रमाची सोशल वर्कर जबलपूरची. मराठी कोणालाच नाही. 'तुम बस उनसे बात करो और मुझे बताओ,' असं त्या सोशल वर्करने मला सांगितलं. त्यांना मी दीदी म्हणते, इथेही तेच लिहिते.

पहिल्या दिवशी मी आजोबांना 'नमस्कार आजोबा, मी अमुक अमुक' असं म्हटलं. त्यांनी माझ्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघितलं, मग तोंडाकडे. 'मराठी? इथं?' म्हणाले. मी वसई म्हटल्यावर 'वसईची केळी' एवढंच म्हणून हसले. त्यानंतर दीड तास ते बोलत होते आणि मी ऐकत होते. महार रेजिमेंट. सागरला रेजिमेंटचं केंद्र आहे, भोपाळपासून काही फार लांब नाही. १९६७ साली भरती. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या आघाडीवर. रेजिमेंट उभी राहिली बेळगावला, १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मी विसरले असेन असं समजून. 'बोलो हिंदुस्तान की जय' ही घोषणा म्हणताना मात्र शब्द अजिबात अडखळले नाहीत.

मी घरी जाऊन पानंच्या पानं लिहिली. दुसऱ्या दिवशी दीदींना दाखवली. त्यांनी लाल पेनने एका ओळीखाली रेघ मारली. मी हिंदीत लिहिलं होतं की त्यांच्या पाणावलेल्या डोळ्यांत युद्धाच्या आठवणी तरळत होत्या. दीदी म्हणाल्या, 'मोतियाबिंद है. अक्टूबर में ऑपरेशन है.'

मला राग आला. पण नंतर त्यांनी त्यांची फाईल उघडून दाखवली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले. काय म्हणाले, काय दिसलं, मला काय वाटतं. तिसऱ्या रकान्यातलं पहिल्या दोहोंत सांडू द्यायचं नाही, हा नियम. एम.एस.डब्ल्यू.ला त्यांना कोणी शिकवला होता म्हणे. आपण वर्गात कवितेच्या बाबतीत नेमकं उलटं करतो, हे माझ्या मनात आलं, पण बोलले नाही.

'केस' हा शब्दच मला आधी आवडत नव्हता. जिवंत माणसाला केस म्हणायचं? दीदींनी त्यावर फार वाद घातला नाही, त्यांना वेळच नव्हता. पण त्यांच्या कपाटातली पुस्तकं मी चाळली. मेरी रिचमंड नावाच्या अमेरिकन बाईंचं 'सोशल डायग्नोसिस' हे या कामातलं जवळजवळ पहिलं पाठ्यपुस्तक, १९१७ चं. घरोघर जाऊन मदत वाटणाऱ्यांनी आधी माणूस समजून घ्यावा, पुरावा गोळा करावा, मग ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. हे साल वाचून मी चमकले, कारण ते मला दुसऱ्या एका ठिकाणामुळे पाठ होतं.

माझी मावशी पुण्याला खडकीत राहते. लहानपणी तिच्याकडे गेले की क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची पाटी दिसायची. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांना हातचं काम शिकवायला १९१७ साली ही संस्था निघाली. खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. मणक्याला दुखापत होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले जवान तिथे राहतात, काही जण आयुष्यभर. व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. निवासी शुश्रूषा म्हणजे तिथे काय, तर दर दोन तासांनी कूस बदलून देणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मुरलीकांत पेटकरांचा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. सांगलीकडचा हा जवान पासष्टच्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. म्हणजे खडकीचं केंद्र निघायच्याही दोन वर्षं आधी.

तर माझ्या डोक्यात 'सैनिकांची सेवा' म्हणजे हे चित्र होतं. गोळी, व्हीलचेअर, पदक. आजोबांना गोळी लागली नव्हती. त्यांच्या बाबतीत जे काही झालं होतं ते कुठल्याच सिनेमात बसणारं नव्हतं. त्यांनी नोकरी सोडली होती.

हे मला दीदींकडून कळलं, आणि दीदींना कसं कळलं ते ऐकण्यासारखं आहे. आजोबा सहा वर्षांपासून आश्रमात. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला ते सिस्टरांच्या हातात पाचशे रुपये द्यायचे. 'पेन्शन आली' म्हणायचे. कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. पण नोव्हेंबर महिना आला की आश्रमातल्या पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी धांदल उडते. बँकेत जा, अंगठा लावा, म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, मग मोबाईलवर चेहरा दाखवा. सुभेदारसाहेब तर ऑक्टोबरपासूनच सगळ्यांना आठवण करून देतात. दीदींच्या लक्षात आलं, की हवालदारसाहेब कधीच या रांगेत नसतात. त्या आठवड्यात ते बागेत असतात. हे त्यांनी पहिल्या वर्षी 'काय दिसलं' या रकान्यात लिहिलं आणि दोन वर्षं तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. विचारलंही नाही. झटका आल्यावर औषधं, फिजिओथेरपी, डायपर यांचा खर्च वाढला आणि त्याच सुमाराला पाचशे रुपये यायचे बंद झाले. तेव्हा विचारलं.

आजोबांनी नऊ वर्षं नोकरी करून १९७६ साली स्वतःहून नाव कापून घेतलं होतं. गावाकडे थोरला भाऊ वारला, जमीन बघायला कोणी नाही, म्हणून. शिपायाला पेन्शन मिळायला पंधरा वर्षं लागतात. नऊ म्हणजे काहीच नाही. पुढे जमीनही राहिली नाही. मग सागरची ओळख काढून भोपाळला आले आणि गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं रखवालदारी केली. पाचशे रुपये त्या साठवणीतले होते. मुलगा आहे. त्याला काहीही कळवायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आई-वडिलांच्या पोषणाचा २००७ चा कायदा आहे, मुलाकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत मिळवता येतात, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, हे दीदींनी त्यांना समजावलं. ते म्हणाले, 'नाय.' दीदींनी फाईलमध्ये 'नाय' असंच लिहून ठेवलंय, देवनागरीत, अवतरणचिन्हांत.

आता मुद्द्याची गोष्ट. पेन्शन नसलेल्या, पासष्ट वर्षांवरच्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला मदत मिळते. तेव्हा ती चार हजार रुपये होती. माजी सैनिक कोणाला म्हणायचं याची व्याख्या, कोणी कोणत्या तारखेला नोकरी सोडली त्याप्रमाणे बदलते, पण आजोबा त्यात बसत होते. अर्ज ऑनलाईन, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, मग वर दिल्लीला. डिस्चार्ज बुक हवं, आधार, बँकेचं पासबुक, सही किंवा अंगठा. चार हजारांत महिनाभराची फिजिओथेरपी आणि डायपर निघत होते. दीदींनी सगळी जुळवाजुळव केली. फक्त आजोबांची संमती राहिली होती, आणि ती मराठीत घ्यायची होती. ते काम माझं.

योजनेचं नाव पेन्युरी ग्रँट.

अर्जाची छापील प्रत आणि डिस्चार्ज बुक घेऊन मी त्यांच्या पलंगाशी बसले. डिस्चार्ज बुक मी पहिल्यांदाच बघत होते. कडा झिजलेल्या, आत शाई फिकट झालेली. हुद्दा: लान्स नायक. मी एकदा वाचलं, परत वाचलं, काही बोलले नाही. चारित्र्याच्या रकान्यात एकच शब्द होता, 'एक्झेम्प्लरी'. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. 'ह्ये काय लिवलंय सांग बरं.' मी म्हटलं, 'आदर्श. दुसऱ्यांनी बघून शिकावं असं.' त्यांना तो अर्थ माहीत होताच, पन्नास वर्षांत कोणीतरी सांगितलाच असणार. त्यांना तो परत ऐकायचा होता. मग त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. 'आन् ह्यो?'

नुकताच 'आदर्श' असा अर्थ सांगितला होता. त्याच दमात मला 'दारिद्र्य' म्हणता येईना. त्यांचा चेहरा उजळलेला होता हो. (दीदी म्हणतील, तिसरा रकाना.) मला आपल्याकडची, वृद्ध कलावंतांना सरकार देतं ती रक्कम आठवली. तिला काय सुंदर शब्द आहे. मी म्हणाले, 'मानधन. ज्येष्ठ सैनिकांचं मानधन.'

'मानधन,' ते म्हणाले. चाखून बघितल्यासारखा शब्द परत उच्चारला. 'मग चालंल. भीक नको. मानधन चालंल.' आणि डाव्या हाताने, वेळ घेत, वाकडीतिकडी पण पूर्ण सही केली.

मी उड्या मारत दीदींच्या खोलीत गेले. आपण अनुवादक म्हणून केवढं काम केलं असं मला वाटत होतं. दीदींनी अर्ज बघितला, सही बघितली. 'इतनी जल्दी? क्या बताया उनको?' मी सांगितलं. त्यांना 'मानधन' कळायला अडचण आली नाही, हिंदीतही मान आहे आणि धन आहे. त्यांनी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावला.

'ये साइन उन्होंने किसी और कागज़ पर की है,' त्या म्हणाल्या.

मी वाद घातला. चार हजार रुपये महिना. त्यांचा फायदा. एका शब्दाने कोणाचं काय बिघडलं? आणि बँकेत पैसे येतील तेव्हा त्यावर 'दारिद्र्य' असं लिहून थोडंच येणार आहे? दीदी ऐकून घेत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, की उद्या सुभेदारसाहेबांनी सगळ्यांसमोर त्या योजनेचं खरं नाव घेतलं तर? त्या दिवशी तू इथे असशील का? जुलैत तर तू मुंबईला चाललीस.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी सिस्टर सुपिरियरकडे गेले, मला वाटलं त्या माझी बाजू घेतील. त्या भाजी निवडत होत्या. 'आठवी आज्ञा,' एवढंच म्हणाल्या, आणि मग जरा मऊपणाने, 'पर तुमने प्यार से किया.' ते दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त लागलं.

त्या रात्री कपाटातलं आणखी एक पुस्तक घरी नेलं होतं ते वाचलं. फेलिक्स बिस्टेक नावाच्या जेझुइट धर्मगुरूंचं, १९५७ चं, केसवर्कमधल्या नात्याबद्दल. सात तत्त्वं सांगितलीत. त्यातलं एक म्हणजे, माणसाला स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क आहे. दुसरं म्हणजे गुप्तता. जेझुइट म्हटल्यावर माझी अपेक्षा होती की खूप उपदेश असेल. पुस्तक त्या मानाने बरंच कोरडं निघालं. पण मला एक समजलं. मी आजोबांच्या वतीने निर्णय घेतला होता, आणि त्याला त्यांचीच सही लावली होती.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ऊन रणरणत होतं, कूलर घरघरत होता, त्यामुळे मला जरा मोठ्याने बोलावं लागलं, आणि असली गोष्ट मोठ्याने बोलणं फार वाईट.

'आजोबा, मी काल तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्या शब्दाचा अर्थ मानधन नाही.'

'मग काय हाय?'

'हलाखी. दारिद्र्य. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना मदत, असं.'

ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग त्यांनी अर्ज मागितला. दीदींनी तो माझ्याकडे दिलाच होता. त्यांनी चार घड्या घातल्या, एका हाताने, मी मदत करायला गेले तर मान हलवली. घडी डिस्चार्ज बुकात घातली आणि बुक उशाखाली ठेवलं.

'सगळे मला हवालदार म्हणत्यात,' ते म्हणाले. 'मी लान्स नायक. तू काल वाचलंस, तुला कळलं. मी कवा कुणाला सुधारलं नाय. ऐकायला बरं वाटतं.' मग म्हणाले, 'तू बी त्येच केलंस, पोरी. जा आता.'

नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज जायचे, पाणी भरायचे, सुभेदारसाहेबांना पेपर वाचून दाखवायचे. माझ्या साठ तासांत तेही तास धरलेत.

या दिवसांत दीदींनी काय केलं ते मात्र मी नीट बघितलं. मला वाटलं होतं त्या अर्जामागे लागतील. त्या लागल्या नाहीत. सत्तरीवरच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, त्याला पेन्शन असण्या-नसण्याशी देणंघेणं नाही. ते कार्ड त्यांनी काढून आणलं. मोतीबिंदूचं त्यावर लावलं. एका कॉलेजातल्या फिजिओथेरपीच्या मुलांना आठवड्यातून दोनदा यायला राजी केलं. कवळी सैल झाली होती ती बसवून आणली. पलंग भिंतीच्या ज्या बाजूला होता तिथून उठताना दुखऱ्या हातावर भार यायचा, तो पलंग फिरवला. फाईलमध्ये प्रत्येक गोष्टीपुढे तारीख. पेन्युरी ग्रँटपुढे त्यांनी लिहिलं होतं: 'निर्णय उनका. दिवाली के बाद फिर पूछना.' मला हे सगळं फार रटाळ वाटायला हवं होतं. पण एका एका ओळीमागे दीदींच्या स्कूटरच्या किती फेऱ्या होत्या ते मी बघत होते.

दहाव्या दिवशी आजोबांनी विचारलं, 'वसईला केळी अजून होत्यात का?' मी म्हटलं, होतात, पण कमी झाली, जमिनीवर इमारती आल्या. 'हां,' म्हणाले. 'जमिनीचं तसंच असतं.' त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही, आणि जूनअखेर मी मुंबईला आले.

पुढचं मला फोनवर कळलं. ऑक्टोबरच्या मध्यावर बातमी आली, की संरक्षण मंत्रालयाने ही मदत दुप्पट केली, चार हजारांची आठ हजार, एक नोव्हेंबरपासून. सुभेदारसाहेबांनी चहाच्या वेळी ती पेपरातून मोठ्याने वाचली, नावासकट. आजोबा तिथेच होते. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी दीदींच्या खोलीत आले, वॉकर घेऊन, स्वतः. डिस्चार्ज बुक टेबलावर ठेवलं. नवा अर्ज भरायचा म्हणाले. दीदींनी लगेच कॉम्प्युटर उघडला, तर म्हणाले, 'आज नाय. ती पोरगी येऊ दे. आधी सगळा वाचून दाखवू दे.'

दीदी फोनवर वैतागल्या होत्या. 'दो महीने और! तुम्हारी छुट्टी दिसंबर में है!' निर्णय त्यांचा असं लिहून ठेवणं सोपं असतं, तो निर्णय दोन महिने उशिराचा निघाला तर तो सांभाळत बसणं अवघड. मी म्हटलं, फोनवर वाचून दाखवते. आजोबांना ते नको होतं. समोर बसून हवं होतं. तोंड दिसलं पाहिजे, म्हणाले.

नाताळच्या आधी तीन दिवस मी भोपाळला पोचले. घरी बॅग टाकली आणि गेले. सिस्टर गव्हाणीला पताका लावत होत्या. आजोबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ते गादीवर ताठ बसले होते. मी सगळा अर्ज वाचला. प्रत्येक रकाना इंग्रजीत, मग मराठीत. नाव. नंबर. हुद्दा, तिथे मी थांबले, ते म्हणाले, 'लान्स नायक. वाच पुढं.' योजनेचं नाव आलं. मी म्हटलं, 'पेन्युरी. दारिद्र्य.'

'दारिद्र्य,' ते म्हणाले. मग म्हणाले, 'हाय ते हाय.' सही केली.

मंडळाच्या ई-अंकासाठी हे लिहू का, हे मी त्यांना त्याच दिवशी विचारलं, आणि दीदींना वेगळं विचारलं. दीदींनी अटी घातल्या. नाव नाही, गाव नाही, पलटण नाही, मुलाबद्दल त्यांनी जे आणखी सांगितलं ते अजिबात नाही. छापायच्या आधी आजोबांना मराठीतून शब्दन् शब्द वाचून दाखवायचं. मी दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी बदल करायला लावला. पाणावलेल्या डोळ्यांची ओळ राहू दे म्हणाले, हसले त्यावर. दीदी फाईलमध्ये 'नाय' लिहितात हे त्यांना माहीत नव्हतं, ते ऐकून जरा विचारात पडले.

अर्ज पुढे गेलाय. मंजूर झाल्याची चिठ्ठी हे लिहीपर्यंत आलेली नाही. आश्रमात बाकीचे त्यांना अजून हवालदारच म्हणतात, आणि सुभेदारसाहेबांना आता खरा हुद्दा माहीत आहे, तरी तेही तसंच म्हणतात. निघताना आजोबांनी मला परत बसवलं, डिस्चार्ज बुक उघडलं आणि तो एक शब्द परत विचारला. मी म्हटलं, 'आदर्श.' ते म्हणाले, नीट बघून सांग, ह्या वेळी खरं सांगतेस ना? मी मोबाईलवर शब्दकोश उघडला आणि त्यातले सगळे अर्थ एकेक करून वाचून दाखवले.